जड पाणी, खारे पाणी आणि दूषित पाणी

आमच्या सभासद शेतकरी बंधूंपैकी पुष्कळांची शेती मोहोळ, बार्शी, अक्कलकोट किंवा मंगळवेढे तालुक्यात, आणि मुलांच्या शिक्षणाकरिता अथवा नोकरीधंद्याकरिता केलेले बिऱ्हाड मात्र सोलापुरात, अशी स्थिती असते. अशा घरांतून एक तक्रार हटकून ऐकू येते, ती ही की, सोलापूरचे पाणी जड आहे. डाळ लवकर शिजत नाही, साबणास फेस येत नाही, बंबाला आतून पांढरे पुट बसते, भांडी पुसली तरी डाग राहतात. यावर उपाय म्हणून कोणी मोठी रक्कम खर्चून पाणी गाळण्याचे यंत्र भिंतीवर बसवितो, तर कोणी शेतावरील विहिरीचे पाणी गोड लागते म्हणून दर आठवड्यास कॅन भरून शहरात आणतो.

या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. पाण्याचे दोष तीन जातींचे असतात. पाणी जड असते, पाणी खारे असते आणि पाणी दूषित असते. या तिहींची कारणे निराळी, परीक्षा निराळ्या आणि उपायही निराळे. जडपणा हा डोळ्यांस, हातांस व चुलीस तात्काळ कळणारा दोष असल्याने त्याची ओरड सर्वांत मोठी होते. जे दोष खरोखर प्राणास किंवा जमिनीस घातक आहेत, ते बहुधा मुकाट्याने आपले काम करीत असतात. हा भेद वाचकांच्या ध्यानात यावा, घरी व शेतावर विनाकारण खर्च होऊ नये आणि आवश्यक तो खर्च मात्र टळू नये, एवढ्यासाठी हा पाठ लिहीत आहोत.

नळाचे पाणी कोठून येते

सोलापूर शहरास मुख्यत्वे तीन ठिकाणांहून पाणी मिळते. पहिले ठिकाण हिप्परगा येथील एकरुख तलाव. अदिला नदी अडवून बांधलेला हा तलाव १८७१ साली पुरा झाला. दुसरे, टाकळी येथे भीमा नदीतून उचललेले पाणी. तिसरे, १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणातून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून नळाने आणलेले पाणी. हे पाणी पाकणी, सोरेगाव व भवानी पेठ येथील शुद्धीकरण केंद्रांतून शहरात सोडले जाते.

शुद्धीकरण केंद्रात काय होते हे नीट समजून घेतले पाहिजे. पाण्यात तुरटी घालून गाळ खाली बसवितात, नंतर ते वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. या कृतीने गढूळपणा जातो व रोगजंतू मरतात. परंतु पाण्यात विरघळलेला चुना, मीठ अथवा नायट्रेट या कृतीने निघत नाही. साखर विरघळलेले सरबत कितीही वेळा फडक्यातून गाळले तरी गोडच राहते, तशातलाच हा प्रकार आहे. म्हणून नळाचे पाणी स्वच्छ असूनही जड असू शकते. त्यावरून केंद्राचे काम बिघडले असे ठरत नाही.

दुसरी गोष्ट उजनीची. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी, सर्व पुरते शुद्ध न होता, नद्यांवाटे भीमेत व तेथून उजनीच्या जलाशयात येते. त्यातील खतासारख्या द्रव्यांवर जलपर्णी व शेवाळ माजते, आणि उन्हाळ्यात पाणी कमी झाले म्हणजे पाण्यास हिरवट झाक व वास येतो. हा दोष दूषितपणाच्या सदरातील आहे, जडपणाच्या नव्हे.

तिसरी गोष्ट घरच्या टाकीची. शहरास कित्येक वर्षे रोज पाणी न मिळता काही दिवसांआड मिळत आले. त्यामुळे घरोघर व इमारतोइमारती साठवणीच्या टाक्या झाल्या, आणि तूट भरून काढण्यासाठी कूपनलिकांचे पाणी त्याच टाक्यांत सोडण्याची वहिवाट पडली. तेव्हा स्वयंपाकघरातील तोटीस येणारे सारेच पाणी नळाचे असते असे समजू नये. जलाशयाचे पाणी पुष्कळसे पावसाचे असल्याने बहुधा कमी जड असते. कूपनलिकेचे बहुधा अधिक जड असते. "सोलापूरचे पाणी जड" ही तक्रार कित्येक घरी वस्तुतः स्वतःच्याच कूपनलिकेविषयी असते. टाकीत कोणते पाणी पडते याची चौकशी प्रथम करावी, मग नळास बोल लावावा.

पाणी जड कशाने होते

आभाळातून पडणारे पाणी जवळजवळ निर्मळ असते. ते जमिनीत मुरताना मुळांच्या श्वासोच्छ्वासाने व कुजणाऱ्या पालापाचोळ्याने उत्पन्न झालेला कार्बन डायऑक्साइड वायू आपल्यात सामावून घेते व किंचित आंबट होते. हे आंबट पाणी मुरूम, मांजऱ्या व काळ्या खडकाच्या भेगांतून हळूहळू उतरते. आमचा काळा खडक ज्वालामुखीच्या रसाचा बनलेला असून त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये भरपूर आहेत. पाणी ती विरघळवून घेते. काळ्या जमिनीत नांगरास लागणारे चुनखडीचे खडे याच द्रव्याचे साठे होत. पाणी जितके दिवस खडकात राहील व जितके खोल उतरेल, तितका हा सांठा त्यात वाढत जातो.

कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येणाऱ्या या गुणास जडपणा म्हणतात. शाळेच्या पुस्तकांत अशा पाण्यास दुष्फेन व त्याच्या उलट पाण्यास सुफेन म्हटलेले आढळते, कारण साबणाचा फेस हीच त्याची ओळख होय. जडपणाचे दोन भेद आहेत. हे क्षार बायकार्बोनेटच्या रूपात असले तर पाणी उकळताच चुना अलग होऊन तळाशी बसतो. याला तात्पुरता जडपणा म्हणतात. तेच सल्फेट किंवा क्लोराइडच्या रूपात असले तर उकळण्याने काही उपयोग होत नाही. तो कायमचा जडपणा. बंबाच्या आतील पांढरे पुट हे पहिल्या प्रकाराचे फळ आहे. या पुटाचा थर धातू व पाणी यांच्यामध्ये आल्याने जळण किंवा वीज अधिक लागते. म्हणूनच वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांस आपल्या बॉयलरसाठी पाणी आधी हलके करून घ्यावे लागे.

जडपणाचे माप व घरगुती परीक्षा

प्रयोगशाळेत जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, दर लिटरास इतके मिलिग्रॅम, असा मोजतात. ७५ पर्यंत पाणी हलके, ७५ ते १५० मध्यम, १५० ते ३०० जड, आणि ३०० च्या वर फार जड, अशी सर्वसाधारण वर्गवारी आहे. पिण्याच्या पाण्याविषयी २०१२ सालच्या भारतीय मानकात २०० पर्यंत पाणी पसंत मानले असून, दुसरे पाणी उपलब्ध नसेल तेथे ६०० पर्यंत चालेल असे म्हटले आहे.

घरच्या घरी तुलना करावयाची असल्यास पुढील रीत पुरे आहे. एकसारख्या तीन बाटल्या घ्याव्या. एकीत पावसाचे धरलेले पाणी, दुसरीत नळाचे व तिसरीत कूपनलिकेचे, अशी सारख्या मापाने अर्धी बाटली भरावी. साध्या साबणाचा कीस पावसाच्या पाण्यात विरघळवून त्याचे दहा-दहा थेंब प्रत्येकीत टाकावे आणि झाकण लावून जोराने हलवावे. फेस टिकला नाही तर आणखी दहा थेंब टाकावे. ज्या पाण्यास अधिक थेंब लागतील ते अधिक जड. यासाठी खरा साबणच पाहिजे. धुण्याची डिटर्जंट पावडर जड पाण्यातही पुष्कळ फेस देते, म्हणून तिने ही परीक्षा होत नाही. साबणाच्या द्रावणाने जडपणा मोजण्याची पद्धत स्कॉटलंडातील रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांनी घालून दिली, आणि चुन्याच्या निवळीने तात्पुरता जडपणा घालविण्याची युक्तीही १८४१ साली त्यांनीच पेटंट करून घेतली.

जड पाण्याने खर्च किती वाढतो याचा हिशेब करून पाहू. एक ग्रॅम चुना सुमारे सहा ग्रॅम शुद्ध साबण निकामी करतो. तो साबण फेस न होता चिकट पांढऱ्या साक्याच्या रूपाने कपड्यास व बादलीस चिकटतो. पाण्याचा जडपणा ४०० असेल तर पंधरा लिटरच्या बादलीत सहा ग्रॅम चुना आला. म्हणजे मळ निघण्यास आरंभ होण्यापूर्वीच सुमारे ३६ ग्रॅम साबण वाया गेला. जड पाण्याचे नुकसान हे असे पैशाचे आहे.

आरोग्यास अपाय कशाचा

आता मुख्य प्रश्न. जड पाणी पिण्याने शरीरास अपाय होतो काय? जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील जडपणास आरोग्याच्या दृष्टीने कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही, कारण तशी घालण्याजोगा पुरावा मिळालेला नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम ही शरीरास लागणारीच द्रव्ये होत. जड पाण्याने मुतखडा होतो अशी समजूत सर्वत्र आहे. परंतु खडा होण्यास पाणी कमी पिणे हे कितीतरी मोठे कारण आहे. सोलापूरच्या चाळीस अंशांवरील उन्हाळ्यात, घामावाटे पाणी निघून जात असता, पाणी जड म्हणून थोडे पिणे हीच खरी चूक होय. ज्यास खड्याचा विकार आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने वागावे. मॅग्नेशियम सल्फेट फार असलेल्या पाण्याने नवख्या माणसाचे पोट काही दिवस ढिले होते, हे मात्र खरे आहे.

याच्या उलट, चवीस गोड व दिसण्यास स्वच्छ पाणी निर्धोक असतेच असे नाही. १८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ आली. ब्रॉड स्ट्रीट येथील एका हातपंपाचे पाणी चवीला इतके चांगले समजले जाई की, तेथून दूर राहावयास गेलेली एक बाई ते मुद्दाम मागवून पीत असे. साथ नसलेल्या आपल्या नव्या वस्तीत राहूनही ती पटकीने मरण पावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी जेथे जेथे माणसे मेली ती घरे तपासून साथीचे मूळ तोच पंप असल्याचे दाखवून दिले. जीभ जंतू ओळखू शकत नाही हा धडा त्या वेळी मिळाला, आणि तो शेतावरून कॅन भरून आणणाऱ्या आमच्या बंधूंनी विसरू नये. नळाच्या पाण्यास क्लोरीनचे संरक्षण असते; उघड्या विहिरीच्या पाण्यास ते नसते.

दुसरा मुका दोष नायट्रेटचा. शेतास घातलेला युरिया, विहिरीच्या काठाशी असलेला उकिरडा, गोठ्याचे मूत्र, शौचालयाचा शोषखड्डा, यांतील नत्र झिरपून विहिरीत उतरते. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. दर लिटरास ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा भारतीय मानकाने ठरविली असून, जडपणाप्रमाणे त्यात सवलत ठेवलेली नाही. सहा महिन्यांच्या आतील जे मूल वरच्या दुधावर असते, त्यास अशा पाण्यात कालविलेले दूध दिल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व अंग निळसर पडते. विशेष ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तिसरा दोष फ्लोराइडचा. दीड मिलिग्रॅमच्या वर ते नित्य पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात व पुढे हाडे धरतात. हे दोन्ही दोष प्रयोगशाळेवाचून कळत नाहीत.

घरातील उपाय

जडपणास उपाय कामापुरता करावा. स्वयंपाकासाठी पाणी दहा मिनिटे उकळून, निवू देऊन, वरचे ओतून घ्यावे. तात्पुरता जडपणा बराच कमी होतो. धुण्याच्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आधी टाकून चुना बसू द्यावा, मग साबण लावावा. केसांस रिठे व शिकेकाई वापरावी. त्यांच्या फेसास चुना साबणाइतका आड येत नाही. बंबाचे पुट लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्याने सुटते.

पावसाचे पाणी हे सर्वांत स्वस्त हलके पाणी होय. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर झाले. नासधूस वजा जाता आठ हजार तरी धरता येते. पहिल्या सरींचे पाणी वाहू द्यावे, टाकी झाकलेली असावी व पिण्यापूर्वी पाणी उकळावे.

जंतूंकरिता उकळणे किंवा क्लोरीन हेच दोन भरवशाचे घरगुती उपाय आहेत. पाण्यास उकळी फुटून ती चांगली चालू राहू द्यावी. क्लोरीनची पूड घातल्यावर निदान अर्धा तास थांबावे, आणि शेवटी दर लिटरास ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक उरले पाहिजे. ग्रामपंचायतीकडील ओ. टी. परीक्षेत पाणी पिवळसर झाले म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. तुरटीने गाळ बसतो, परंतु तेवढ्याने पाणी जंतुरहित होत नाही. साठवणीची टाकी झाकलेली असावी व आठवड्यातून एकदा कोरडी करून घासावी, नाही तर तिच्यातच डेंग्यूचे डास वाढतात.

यंत्राविषयी दोन शब्द. उलट परासरणाचे, म्हणजे आर. ओ. नावाने विकले जाणारे यंत्र क्षार, नायट्रेट व फ्लोराइड काढते हे खरे. पण एक भाग पाणी देऊन ते बहुधा दोन-तीन भाग पाणी सांडून देते. जेथे पाण्यातील एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमच्या आत आहेत आणि नायट्रेट व फ्लोराइड मर्यादेत आहे, तेथे त्याची गरज नाही. विक्रेते एक लहान मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवितात. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड किती आहे हे त्यास कळत नाही. काही विक्रेते पाण्यात दोन कांड्या बुडवून वीज सोडतात व पाणी तांबूस-काळे झाले की "ही तुमच्या पाण्यातील घाण" असे सांगतात. ती घाण पाण्यातील नसून त्या लोखंडी कांडीचाच झिजून निघालेला गंज असतो. ज्या पाण्यात क्षार नाहीत त्यातून वीज वाहत नाही, म्हणून यंत्राचे पाणी पांढरे राहते. चिमूटभर मीठ त्या यंत्राच्या पाण्यात टाकून तोच प्रयोग पुन्हा करावयास सांगावे, म्हणजे लबाडी उघडी पडते.

जमिनीचा हिशेब

घरी जो भेद पाहिला तोच शेतावर निराळ्या रूपाने आढळतो. आमच्या शेतकऱ्यांस पाण्यातील चुन्याची फार धास्ती वाटते. वस्तुतः काळ्या भारी जमिनीचा खरा शत्रू सोडियम होय, आणि चुना हा त्या शत्रूस आवर घालणारा आहे.

चिकण मातीच्या कणांस कॅल्शियम चिकटलेले असले म्हणजे ते कण एकमेकांस धरून रवाळ राहतात. पाणी मुरते, मुळांस हवा मिळते. त्याच कणांस सोडियम चिकटले म्हणजे ते फुगून सुटे होतात व छिद्रे बुजतात. मग पाणी दिवसचे दिवस साचून राहते, जमीन ओली असता साबणासारखी निसरडी व वाळल्यावर दगडासारखी टणक होते, सामू ८.५ च्या वर जातो. हीच चोपण जमीन. कित्येक कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम कमी व सोडियम बायकार्बोनेट अधिक असते. असे पाणी साबणास छान फेस देते, डाळही शिजविते, आणि घरची मंडळी त्यास हलके म्हणून वाखाणतात. तेच पाणी काही वर्षांत जमीन चोपण करून ठेवते. फेसावरून पाण्याची निवड करणारा शेतकरी येथे फसतो.

म्हणून अहवालात पुढील तीन आकडे पाहावे. पहिला विद्युत वाहकतेचा, हा एकूण खारेपणा सांगतो, ०.७५ पर्यंत पाणी चांगले, ०.७५ ते २.२५ पर्यंत जपून द्यावे, त्यावर धोक्याचे. दुसरा सोडियम अधिशोषण गुणोत्तराचा. तो १० च्या आत असावा, आणि भारी जमिनीत त्याहूनही कमी असलेला बरा. तिसरा अवशिष्ट सोडियम कार्बोनेटचा, १.२५ च्या आत निर्धोक, २.५ पर्यंत मध्यम, त्यावर अयोग्य. हा तिसरा आकडा असे दर्शवितो की, पाण्यातील सर्व चुना खडा होऊन खाली बसल्यावरही सोडियमशी जोडलेला कार्बोनेट किती उरणार.

खारेपणाचा हिशेब तर कोणत्याही खातेदारास करता येईल. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर. पाण्यात दर लिटरास एक ग्रॅम क्षार असतील तर प्रत्येक इंचाबरोबर १०३ किलो क्षार शेतात आले. दहा इंच पाणी दिले म्हणजे दहा क्विंटल झाले, अर्थात पन्नास किलोची वीस पोती. उसास पाटाने वर्षास ८० इंच पाणी दिले तर एकशे साठ पोती झाली. एवढे क्षार कोणी पोत्यांतून आणून बांधावर टाकले असते तर आपण त्याच्यावर फिर्याद केली असती; परंतु ते आपणच वीज जाळून स्वतःच्या रानात ओततो. पिके त्यातील अगदी थोडा अंश घेतात, बाकीचा जमिनीत राहतो व निचरा असेल तरच खाली वाहून जातो.

यावरून उपाय आपोआप निघतात. निचऱ्याचे चर मोकळे ठेवावे. पाणी गरजेपुरते द्यावे. खाऱ्या कूपनलिकेचे पाणी कालव्याच्या पाण्यात मिसळून किंवा दोन्ही आळीपाळीने द्यावे. पावसाळ्यात बांध घालून पावसाचे पाणी शेतातच मुरवावे, म्हणजे वरचे क्षार खाली धुपून जातात. जमीन चोपण झाली असल्यास माती-परीक्षणात निघेल त्या प्रमाणाने जिप्सम घालावे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो व सुटलेले सोडियम पाण्याबरोबर निघून जाते. मात्र निचरा नसेल तर जिप्समचा पैसा वाया जातो. शहरातील घरी मीठ घालून चालणारे पाणी हलके करण्याचे यंत्र बसविले असेल, तर ते कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देते हे विसरू नये. त्याचे पाणी किंवा सांडपाणी परसातील झाडांस घालू नये.

फवारणी, ठिबक व खते

जडपणाचा शेतीतील खरा उपद्रव नळ्यांत व फवाऱ्यात होतो. डाळिंब व द्राक्षांच्या बागांतून ठिबकाच्या तोट्या चुन्याने बुजतात. त्यासाठी आम्लाची प्रक्रिया करतात. आम्ल सोडीत असता शेवटच्या तोटीशी पाण्याचा सामू सुमारे ४ वर आला म्हणजे संच बंद करून एक दिवस तसाच ठेवावा व नंतर नळ्यांची टोके उघडून धुऊन काढावा. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये; आणि आम्ल व क्लोरीनची पूड एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी वायू निघतो.

ग्लायफोसेटसारखे तणनाशक जड पाण्यातील कॅल्शियमशी जखडले जाते व त्याचा जोर कमी होतो. याकरिता तणनाशक टाकण्यापूर्वी पाण्यात दर लिटरास २० ग्रॅमपर्यंत अमोनियम सल्फेट विरघळवून घेण्याची रीत आहे. ठिबकातून स्फुरदयुक्त विद्राव्य खत देताना ते जड पाण्यात फुटून पांढरे होते व तोट्या बुजवते. म्हणून काचेच्या बरणीत त्याच पाण्यात त्याच प्रमाणात खत कालवून तासभर ठेवावे. गढूळ झाले तर ते तसे देऊ नये. कॅल्शियम नायट्रेट व स्फुरदाचे खत एका टाकीत कधीच कालवू नये. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. बागाईतदारांनी पाण्याचा अहवाल हाती घेऊन तेथील सल्ला घ्यावा.

नमुना व पाण्याचे पत्रक

क्षारांच्या परीक्षेसाठी एक लिटरची स्वच्छ बाटली घ्यावी. पंप निदान पंधरा मिनिटे चालू ठेवून, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळून, गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावावे. चिठ्ठीवर गाव, गट नंबर, विहीर की कूपनलिका, खोली व तारीख लिहावी आणि शक्य तर दुसऱ्या दिवसाच्या आत नमुना पोहोचता करावा. जंतूंच्या परीक्षेची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणावी, ती विसळू नये, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी द्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत तसेच कृषि विज्ञान केंद्रांत याविषयी चौकशी करावी. नमुना वर्षातून दोनदा घ्यावा, एकदा मे महिन्यात व एकदा दिवाळीनंतर. कारण एकाच विहिरीचे पाणी या दोन वेळी निराळे असते.

आम्ही महसूल खात्यात पुष्कळ वर्षे कारकुनी केली. गाव नमुना बारामध्ये पाणी देण्याच्या साधनाचा रकाना असतो. त्यात विहीर आहे किंवा नाही एवढे कळते. तिचे पाणी कसे आहे हे कोणत्याही सरकारी दप्तरात लिहिलेले नसते. ते पान प्रत्येक खातेदाराने स्वतःच उघडले पाहिजे. साध्या वहीत तारीख, पाण्याची पातळी, वाहकता, जडपणा, सोडियमचे दोन आकडे व नायट्रेट, एवढे सात रकाने आखावे. सोलापूरच्या बिऱ्हाडातील टाकीसाठी दुसरे पान ठेवावे व त्यात जंतूंचा आणि फ्लोराइडचा रकाना वाढवावा. तीन-चार वर्षांचे आकडे एकाखाली एक आले म्हणजे पाणी सुधारत आहे की बिघडत आहे हे वाचता येते, आणि जमीन हातची जाण्यापूर्वी जाग येते.

सारांश इतकाच. पाणी जड असेल तर साबण, सरपण व ठिबकाच्या तोट्या सांभाळाव्या. खारे किंवा सोडियमयुक्त असेल तर जमीन सांभाळावी. दूषित असेल तर माणसे, विशेषतः घरातील तान्ही मुले, सांभाळावी. कोणता दोष आहे हे परीक्षेने आधी ठरवावे व मगच पैशास हात घालावा. येत्या मे महिन्यात आपल्या मंडळाच्या सभासदांनी निदान एकेक नमुना तपासून घ्यावा आणि आलेला अहवाल पुढील बैठकीस बरोबर आणावा, अशी आमची विनंती आहे. एका गावचे दहा अहवाल शेजारी शेजारी मांडले म्हणजे कोणत्या शिवारातील पाणी कोणत्या कामास योग्य, याचा निर्णय सर्वांस मिळून करता येईल.